उजवा दिला

भैरीच्या देवळात कौल लावताना तात्या गुरव श्वास रोखून धरायचे. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "माझा वारा लागून पडली तर तो कौल देवाचा नाय, माझा," असं ते म्हणत. त्यांच्या शब्दावर गावातली लग्नं ठरत आणि मोडतही.

मी शाळेवर बदलून आलो, तेव्हा त्यांची एकुलती लेक नुकतीच गेली होती. बाळंतपणात अडली, आणि ओहोटीमुळे होडी खाडीच्या चिखलात रुतून बसली. पलीकडचा दवाखाना डोळ्यांना दिसत होता. तात्या त्याबद्दल एवढंच बोलत, "भरतीला काय घाई नव्हती."

पुढे सागरी महामार्ग आमच्या बाजूला वाढवायचं ठरलं. खाडीवर पूल होणार होता, पण आखणी नेमकी राखणदाराच्या वडावरून गेली. शिवेची राखण करणारा तो देव. त्याला हलवायला भैरीने कौल दिला तरच जमिनी द्यायच्या, असं गावकीत ठरलं.

त्या दिवशी देऊळ माणसांनी भरलं होतं. निरांजन धरून मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर होतो. डावी पाकळी पडली. तात्या आड उभे असल्याने मागे कुणाला दिसलं नाही. त्यांनी दोन्ही पाकळ्या मुठीत घेतल्या, बराच वेळ देवाकडे पाहिलं आणि वळून म्हणाले, "उजवा दिला." मी गप्प राहिलो. रस्ता मलाही हवा होता.

पूल झाला. शेजारची सून अडली तेव्हा गाडी वेळेत पोचली, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. मी लगबगीने सांगायला गेलो, "तात्या, बघा, देव काही रागावला नाही!"

ते अंगणात सुपाऱ्या सोलत होते. "रागावला असता तर बरं होतं, मास्तर. तो आता बोलतच नाय माझ्याशी."

देवळाची पूजा त्यांनी केव्हाच पुतण्याकडे सोपवली होती. रस्त्यावर तर पाऊलही टाकत नसत. "रस्ता तुमचा. मी देवाचा शब्द फिरवून आणलाय तो. मला त्यावरनं जाता यायचं नाय."

यंदा शिमगा झाला आणि त्यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका थेट अंगणात येऊन उभी राहिली. तात्यांनी खाटेची कड घट्ट धरली. "मला होडीनं न्या."

होडी पूल झाल्यापासून बंद होती. मी हात जोडले, चिडलो, शेवटी त्यांच्या लेकीची शपथ घातली.

"तिला होडी होती," ते म्हणाले. "मलाही तीच."

गाडीचा दिवा अंगणात फिरत होता. थोड्या वेळाने चालकाने तो बंद केला आणि गाडी त्या चांगल्या रस्त्याने रिकामीच परत गेली.