अकरा वर्षं अडलेला सौदा

काराकोलच्या बाजारात कापडाच्या रांगेत शिरलं की डावीकडच्या तिसऱ्या गाळ्यातून दिवसभर एक आवाज येत असतो. टर्रर्र. हा आवाज अनिपाचा. कापडाच्या काठाला ती दातानं एक बारीक चीर देते, दोन्ही मुठींत कापड धरते आणि एका दमात या काठापासून त्या काठापर्यंत फाडते. सुती चीट असेल तर एका धाग्याचीही चूक होत नाही. कात्री तिच्याकडे आहे, पण ती खिळ्याला टांगलेली असते. कुणी सिंथेटिक माल मागितला तर ती कात्री दोन बोटांनी काढते, एखादी मेलेली पाल उचलावी तशी.

गाळा म्हणजे जुना लोखंडी डबा, आगगाडीवरून माल न्यायचा. नोव्हेंबरात त्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा असतो. अठ्ठावीस वर्षं अनिपा त्यात उभी आहे. आता तिला सदुसष्ट वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, नजर मात्र शाबूत आहे. गिऱ्हाईक विकत घ्यायला आलंय की नुसतं चाचपायला, हे तिला ते तीन पावलं दूर असतानाच कळतं.

अलीकडे चाचपणारीच जास्त. परवा एक तरुण बाई आली. तिनं पाच तागे उलगडायला लावले, प्रत्येकाला बोटानं चोळून पाहिलं, आणि हळूच फोन काढून एकाचा फोटो घेतला.

"हे काय चाललंय?" अनिपानं विचारलं.

"काही नाही एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तशी ती म्हणाली, "रंग आवडला म्हणून."

"रंग आवडला की हाच माल फोनवर दोन सोमनं स्वस्त मिळतो का ते बघतेयस?"

बाई ओशाळली. "तसं नाही... आता सगळेच मागवतात ना."

"मग माझ्या कापडाला हात कशाला लावलास? फोनला चोळ की. बघ, मऊ लागतो का."

शेजारच्या गाळ्यातला बटणवाला साबिर हसला. "अनिपा, अशानं आहेत तीही गिऱ्हाइकं पळतील."

"पळू दे. ती गिऱ्हाइकं नाहीतच. फुकटात बोटं पुसायला येतात."

लोकांनी आळशी व्हावं याचा तिला राग नव्हता. आळस तिला समजत होता. तिला कीव यायची ती त्यांच्या भोळेपणाची. वरच्या गल्लीतल्या एका शिक्षकानं गालिचा मागवला होता. तो आला तो नमाजाच्या चटईएवढासुद्धा नव्हता. खाली सेंटिमीटर लिहिले होते ते त्यानं वाचलेच नव्हते. शाळेत पोरांना मोजमाप शिकवणारा माणूस! हे सांगताना अनिपाला इतकं हसू यायचं की डोळे पुसावे लागायचे.

या सगळ्यावर कडी म्हणजे तिची स्वतःची सून मेरीम चौकातल्या पार्सलच्या दुकानात कामाला होती. फोनवर मागवलेला माल तिथे येतो. लोक येतात, पडद्यामागे कपडे घालून पाहतात, पसंत पडलं नाही तर तिथेच परत करतात. अनिपाचा रोजचा रस्ता त्या दारावरूनच जायचा. तेवढ्यापुरती ती मान पलीकडे वळवायची, जणू तिथे कुणी उघड्यावर आंघोळ करतंय.

संध्याकाळी जेवताना मेरीम दिवसभराच्या गमती सांगायची. "आज एकीनं झगा परत केला, आई. म्हणे मापात बसला नाही. त्याला मटणाच्या चरबीचा वास! लग्नात मिरवून आली आणि किमतीची आतली चिठ्ठी न काढता परत."

"आणि तू घेतलास?"

"घ्यावाच लागतो."

"छान! म्हणजे उद्या तोच झगा दुसरीच्या दारात. अगं, तुमच्याकडे माल विकतच नाहीत. नुसता फिरवतात."

मेरीम उलट बोलत नसे. फक्त कधीतरी तिची नजर सासूच्या पायांकडे जायची. अनिपाच्या पायांत आतून लोकर लावलेले बूट होते. गेल्या हिवाळ्यात मेरीमनं मागवून दिलेले. बाजारात कुणी विचारलं तर अनिपा सांगायची, "राजधानीतून आले, बिश्केकहून."

डब्याच्या मागच्या फळीवर, धूळ बसू नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळलेले दोन तागे अकरा वर्षं पडून होते. पांढरी सुती चीट, तिच्यावर बारीक निळी फुलं. एकूण साठ मीटर. ते झूराकान अपांचे होते. म्हणजे व्हायचे होते.

आमच्याकडे माणूस खूप वर्षं जगून गेलं की दफनाला आलेल्यांना त्याच्या नावानं कापडाचा एकेक तुकडा देतात. घेणारे तो जपून ठेवतात, त्या माणसाचं आयुष्य आपल्यालाही थोडं लाभावं म्हणून. तुकडा हातानं फाडायचा असतो, कापायचा नसतो. शहाण्या म्हाताऱ्या हे कापड स्वतः निवडून पेटीत ठेवतात. झूराकान अपा ब्याऐंशी वर्षांच्या असताना त्यासाठी अनिपाकडे आल्या. कापड त्यांनी नाकाशी नेलं, गालाला लावलं, उजेडात धरलं.

"कसं दिलंस?"

"पंचेचाळीस सोम मीटर."

"पंचेचाळीस? यावर फुलं आहेत की माशा बसल्यात? चाळीस देईन."

"चाळिसात माशाही मिळत नाहीत, अपा."

"मग राहू दे. या भावात मला मरायचं नाही."

आणि त्या निघून गेल्या. पुढच्या शरदात पुन्हा आल्या. पुन्हा कापड गालाला लावलं, पुन्हा चाळीस म्हणाल्या, पुन्हा माशा काढल्या. अनिपा पुन्हा पंचेचाळिसावर अडली. तिसऱ्या वर्षी दोघींनाही कळून चुकलं होतं की हा सौदा व्हायचाच नाहीये. एकदा अनिपानं चाचरत म्हटलंही, "घ्या अपा, चाळिसानं."

म्हातारी भडकली. "गप्प बस! सौदा झाला की मला जावं लागेल. तुला काय घाई आहे?"

बाजारात त्या चिटीचा भाव शंभराच्या वर गेला. या दोघी मात्र चाळीस आणि पंचेचाळीसवरच भांडत राहिल्या. दरवर्षी त्या दिवशी अनिपा सकाळीच चहाचा थर्मास भरून आणायची आणि भांडण दोन तास चालायचं.

गेल्या शरदात अपा आल्या नाहीत. पाय गेले होते. पहिल्या बर्फाआधी एका संध्याकाळी मेरीम घरी येऊन म्हणाली, "झूराकान अपांच्या गुलबारा एजे आज साठ मीटर कापड घेऊन गेल्या. केवढं जड पार्सल!"

अनिपाच्या हातातला पेला तसाच राहिला. "कसलं कापड?"

"पांढरं, निळ्या फुलांचं. अपांच्या पेटीसाठी म्हणत होत्या. म्हाताऱ्या माणसाला आता बाजारापर्यंत कुठे नेणार, म्हणून मागवलं."

गुलबारा ही अपांची सून, नगरपालिकेत कारकून, व्यवस्थित बाई. तिनं जे केलं ते मायेनंच केलं, हे अनिपाला कळत होतं. त्यामुळेच तिला अधिक चीड आली. दुसऱ्या दिवशी ती कणकेच्या तळलेल्या बोर्सोकांची पिशवी घेऊन अपांना भेटायला गेली. अपा पांघरुणात इवल्याशा झाल्या होत्या.

"मला फोनवर चित्र दाखवलं गं," त्या म्हणाल्या. "चित्राला गाल लावून काय कळणार? काच गार लागली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते तागे विकलेस?"

"आहेत अजून."

"विकू नकोस. भाव ठरायचाय आपला."

तेव्हापासून अनिपाच्या मनाला एकच टोचणी लागली. अपा गेल्या तर त्यांच्या नावानं लोकांच्या हाती तीच चीट पडावी. पण मरण आलेल्या घरी न बोलावता माल घेऊन जाणारी दुकानदारीण म्हणजे गिधाडच. तसं ती करणार नव्हती. गुलबारा येऊन मागणार नव्हती, तिची पेटी भरलेली होती. त्यामुळे दोन तागे फळीवर पडून राहिले. अनिपा येता-जाता त्यांच्याकडे पाहायची आणि फोनवाल्या सगळ्या जगाला शिव्या घालायची.

या नोव्हेंबरात झूराकान अपा गेल्या. त्र्याण्णव वर्षांच्या होऊन.

दफनाच्या दिवशी सकाळी अनिपा आणि मेरीम त्यांच्या अंगणात पोचल्या. अपांना ठेवलेल्या तंबूतून बायकांचं सुरातलं रडणं ऐकू येत होतं. रडून झाल्यावर अनिपा घरात गेली, तेव्हा सात-आठ बायका गोल करून बसल्या होत्या आणि मधे गुलबारानं पेटीतलं पार्सल ठेवलं होतं. वर्षभर ते कुणी उघडलंही नव्हतं. प्लास्टिक निघालं. फुलं खरंच सुंदर होती.

एकीनं काठाला चीर दिली आणि ओढलं. कापड फाटलं नाही. ताणलं गेलं. अजून ओढलं, अजून ताणलं, हातभर लांब झालं आणि सोडल्यावर मोज्यासारखं मागे आलं. दुसरीनं प्रयत्न केला. मग दोघींनी दोन टोकं धरून मागे रेटा दिला. एखादी पोरगी हसली असती, पण हसण्याची जागा नव्हती.

"कात्री आणा," कुणीतरी पुटपुटलं.

"कात्री?" कोपऱ्यातल्या म्हातारीनं मान वर केली. "त्र्याण्णव वर्षांचं आयुष्य कात्रीनं कापून वाटणार? माझ्या हातात नको तसला तुकडा."

गुलबाराचा चेहरा लाल झाला. "त्यावर सुती लिहिलं होतं हो. चार हजार लोकांनी पाच तारे दिलेत त्याला!"

"मग त्या चार हजारांना बोलाव फाडायला," अनिपा म्हणाली.

बोलून गेली आणि तिलाच ते कडू लागलं. गुलबारा रडत नव्हती. ती नुसती कापडाकडे पाहत होती. बाहेर दोनशे माणसं जमली होती आणि दुपारच्या नमाजाला दोन तास उरले होते.

मग गुलबारा उठली, अनिपाच्या समोर येऊन बसली. "एजे, तुमच्याकडे फाटणारं काही आहे का?"

फाटणारं! अनिपाला अठ्ठावीस वर्षांत कापडाची इतकी अडाणी मागणी कुणी केली नव्हती. पण तिनं ऐकली ती एवढीच गोष्ट, की मागणी आली. "मेरीम, ऊठ," ती म्हणाली. मेरीमनं वाटेत पार्सलांची हातगाडी घेतली. अनिपानं तोंड वाकडं केलं, पण गुडघ्यांकडे पाहून गप्प बसली. तासाभरात ते दोन तागे त्या गाडीवरून अंगणात आले.

चहाच्या सामोवारपाशी गुलबारा फोन हातात घेऊन धावत आली. "किती द्यायचे, एजे? आत्ता पाठवते."

"पंचेचाळीस सोम मीटर."

"इतकंच? बरं, पंचेचाळीस." तिनं ताग्याला हात घातला.

अनिपानं तागा सोडला नाही. "बरं काय, बरं? भाव कर."

"काय?"

"फोन ठेव खिशात आणि भाव कर. मी एक म्हटलं आणि तू बरं म्हटलंस, ही काय रीत झाली? दगडाशी सौदा करत्येय का मी?"

"एजे, आत माणसं थांबलीत..."

"अपाच थांबल्यात," अनिपा म्हणाली. "अकरा वर्षं."

गुलबारा तिच्याकडे पाहत राहिली. मेरीमही. दर शरदात बाजारातून घरी आल्यावर अपा जेवताना तेच तेच सांगायची, आणि गुलबारा भांडी आवरता आवरता अर्धवट ऐकायची. तिनं फोन खिशात टाकला.

"चाळीस," ती म्हणाली. "यावर... यावर फुलं आहेत की माशा बसल्यात?"

"चाळिसात माशाही मिळत नाहीत."

"मग राहू दे," गुलबारा म्हणाली, आणि तिथे तिला रडू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच असं, सुराशिवाय, रीतीशिवाय. डोळे न पुसता ती म्हणाली, "चाळीसच. एक सोम जास्त नाही."

"त्रेचाळीस."

"चाळीस!"

अनिपानं ताग्यावरची चादर सोडली. कापडाचं टोक हातात घेतलं, दातानं काठाला चीर दिली. "ने चाळिसानं," ती म्हणाली.

टर्रर्र.

नमाजापर्यंत त्या फाडत होत्या. अनिपाच्या बोटांची सालं निघाली. मेरीमनं सुरुवातीचे दोन तुकडे वाकडे फाडले आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. तिसरा सरळ आला. तेव्हा अनिपा काही बोलली नाही, म्हणजे तो चांगला होता.

सगळं आटोपल्यावर गुलबारानं त्या ताणणाऱ्या ढिगाकडे बोट केलं. "याचं काय करू, एजे?"

"परत कर. तुमच्यात घेतात ना परत?"

"चौदा दिवसांतच घेतात," मेरीम हळूच म्हणाली.

"मग तारे दे," अनिपा म्हणाली. "चार हजार एक होतील."

निघताना फाटकाशी एका मुलीनं सगळ्यांसारखाच तिच्याही हातात एक तुकडा ठेवला. अनिपानं तो उजेडात धरला, गालाला लावला. मग काठाचा धागा सरळ आहे का ते नीट पाहिलं, आणि त्यानंतरच तो खिशात घातला.