पंधरा दिवसांचा कागद

कारंज्याला आमच्या घरामागे बाबांनी भाड्यासाठी सहा खोल्या बांधल्या होत्या. शेतासारख्या विटा पावसाची वाट पाहत नाहीत, असं ते म्हणत. दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की बाहेरगावचे व्यापारी चार महिन्यांसाठी जागा शोधत येत आणि मागू ते भाडं देत. म्हणून त्याआधी एखादी खोली रिकामी करून घ्यायची, ही बाबांची दरवर्षीची रीत.

मी अमरावतीच्या मिशनच्या शाळेतून मॅट्रिक होऊन परतले, त्या वर्षी त्यांना नवी युक्ती सुचली. "मराठी कागदाले कोणी भेत नाही," ते म्हणाले. "तू इंग्रजीत लिव."

मी लिहिलं. शेवटच्या खोलीतल्या बाईला, पंधरा दिवसांत जागा सोडावी म्हणून. तिचा नवरा कापसाच्या जिनात कामाला होता आणि भाडं कधी चुकलेलं नव्हतं. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ते माहेर म्हणजे ही एक खोली, हे मला लिहिताना ठाऊक होतं. तरी पत्र सुबक उतरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई तोच कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. आमच्या आळीत इंग्रजी वाचणारी मी एकटीच आहे, हे बाबांच्या ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही नाही.

"ताई, पाहा बरं काय लिवलं हाये. पोरीचा जीव धडधड करून राह्यला."

दाराशी तिची लेक कमरेवर हात टेकून उभी होती. मी कागद हातात घेतला. माझंच अक्षर. आणि जे सर्वांत सोपं होतं ते मी बोलून गेले.

"खोल्यांना चुना मारायचा आहे, त्याबद्दल आहे."

"अव माय! चुन्यासाठी इंग्रजी कागद?" ती खदखदा हसली. "मंग रंग द्यायचा असता तं लाटसायेबच आला असता!"

लेकही हसली. जाताना बाई म्हणाली, "सुखी राह्य बाई. मी तं दुसरी जागा पाह्यले निंगाली होती."

तेव्हा तरी तिला हाक मारायला हवी होती. पुढचे पंधरा दिवस मी रोज ठरवत होते आणि रोज तिची चाहूल लागली की आत जात होते.

सोळाव्या दिवशी, तिचा नवरा कामावर गेलेला असताना, बाबा दोन गडी घेऊन गेले. भांडी, गोधडी, बाळंतिणीसाठी आणून ठेवलेली बाज, सगळं अंगणात आलं.

"मालक, लेकीले आठवा लागला हाये! आता मी कुठं जाऊ? कागदात तं चुन्याचंच होतं. ताईनंच वाचून सांगतलं."

बाबा माझ्याकडे वळले. "काय सांगतलं तू?"

"जे लिहिलं होतं, तेच," मी म्हणाले.

"आयकलं? माही पोरगी खोटं बोलन काय?" बाबा म्हणाले. "आपल्याले पाहिजे तेच आयकता तुमी लोक."

बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भांडी आवरायला लागली. तिची बहीण इंझोरीला होती. तिच्याकडे जायला बैलगाडी ठरली. त्या रस्त्यावर धडधाकट माणसाचंही अंग खिळखिळं होई. लेकीला गोधड्यांवर बसवलं आणि बाई गाडीमागून चालत गेली. बाळंतपण कसं झालं, ते मला कळलं नाही. विचारायला कुणाजवळ जाणार होते?

त्यानंतर खोल्यांचे सगळे कागद बाबा माझ्याकडूनच लिहून घेऊ लागले. ते वाचून घ्यायला मात्र भाडेकरणी भर उन्हात गावापलीकडच्या मास्तरांकडे जात. माझ्या दारावरून जात, आत न बघता.