घासलेटाचा आळ

मंडळी, मॅग्नेट काढायचा पुलर, प्लगची ठिणगी तपासायचा स्टँड, बसायचं स्टूलसुद्धा. मुरबाडच्या माझ्या गॅरेजात हे सगळं मी स्वतःच्या हाताने बनवलंय. मेकॅनिकचं सर्टिफिकेट तेवढं बनवता आलं नाही.

आज सकाळी वैशाखरे गावच्या वाडीवरचा किसन महिन्याभराची नवी मोटरसायकल टेम्पोत घालून घेऊन आला. महिन्याभरात बदललेला हा तिसरा प्लग काळा पडला होता. शोरूमच्या मॅनेजरने त्याला सुनावलं होतं, "तुम्ही वाडीवाले गाडीत घासलेट घालता. वॉरंटी विसर."

"मिस्तरी, आईची आन, मी नाय घातलं. गावात लोक हसतान मला."

मी टाकीतल्या पेट्रोलचे दोन थेंब कोऱ्या कागदावर टाकले. घासलेट असतं तर तेलकट डाग राहिला असता. थेंब उडून गेले, डाग नाही. मग चोक पाहिला. खटका बंद, पण शोरूममध्येच वायर चुकीची बसवल्यामुळे आत चोक अर्धा लागलेलाच! पेट्रोल जास्त जाणार, प्लग काळा होणारच. वायर नीट बसवली, प्लग साफ केला. पहिल्या किकला गाडी सुरू.

किसनने तो कागद शोरूममध्ये नेऊन दाखवला, वायरचंही सांगितलं. दुपारी मॅनेजर माझ्या दारात. नोकरी मागायला गेलो तेव्हा सर्टिफिकेट नाही म्हणून मला परत पाठवणारा हाच माणूस.

"काका, टाकीत घासलेट सापडलं एवढं लिहून द्या, आणि उद्यापासून आमच्याकडे कामाला या. सर्टिफिकेट कोण विचारतंय?"

किसनच्या जागी ठाण्याचा एखादा साहेब असता, तर त्याच्या टाकीत यांना घासलेट दिसलं असतं का, सांगा.

मी लिहून दिलं नाही. त्याने पगार सांगितला होता महिना सात हजार; माझ्या गॅरेजात एवढे सुटत नाहीत.