दहा वर्षांत एखादी

फरशीवाल्याच्या घरात कॅमेऱ्याचं वेड थोरलीनेच आणलं. फरशा बसवून बसवून बाबांचे गुडघे कामातून गेले होते, तरी ते चित्रपटशाळेच्या पायऱ्या चढून तिथल्या सरांना भेटले. सरांनी थोरलीने काढलेले फोटो चाळले. "अशी नजर दहा वर्षांत एखादीलाच मिळते," ते म्हणाले. "हिला अडवू नका." बाबा हरखून गेले. राहतं घर विकलं, भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवलं आणि तीन वर्षांची फी एकरकमी भरून टाकली.

थोरलीने जिवाचं रान केलं. शेवटच्या वर्षी शाळेचं 'शंभर टक्के नोकरी'चं पत्रक निघालं, त्यात तिचंही नाव होतं. नोकरी निघाली शाळेच्याच प्रवेश कक्षात! कानाला हेडफोन लावायचा आणि नव्या मुलांच्या आईबापांना फोन करायचे.

"तात्पुरतं आहे गं," सर म्हणाले. "शूटिंगचं काही आलं की पहिला फोन तुलाच."

आठ महिने गेले. फोन काही आला नाही.

मग प्रवेशाचा दिवस आला. सभागृहाच्या दारात ती अर्ज वाटत होती. जवळच सर उभे होते, त्यांच्यासमोर एक मुलगी आणि नर्सच्या गणवेशातली तिची आई. सरांनी मुलीचे फोटो चाळले.

"अशी नजर दहा वर्षांत एखादीलाच मिळते. हिला अडवू नका."

गर्दी पांगल्यावर थोरलीने सरांना गाठलं.

"सर, माझ्या बाबांनाही तुम्ही हेच म्हणाला होतात. शब्दन् शब्द."

"अगं, उत्तेजन द्यावं लागतं," सर हसले.

"मग माझी नजर खरं तर कशी होती?"

सरांनी चष्मा पुसला. "तू मेहनती होतीस."

ती धावत फाटकापाशी गेली. "काकू, पैसे भरू नका. इथे शिकून मी फोन फिरवत बसलेय."

नर्सबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला जमलं नाही, म्हणून माझ्या पोरीच्या वाटेत काटे पसरतेस?"

संध्याकाळच्या आत थोरलीची नोकरी गेली.

घरी तिने सगळं सांगितलं. बाबा गुडघ्याला मलम चोळत होते, बराच वेळ चोळतच राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सर खोटं बोलले, की तूच कमी पडलीस?"

सरांचा तिला नुसता संताप आला होता. हे मात्र काळजात घुसलं. त्या दिवसापासून दोघं कामापुरतंच बोलतात.

आता ती घरांच्या एका दलालाकडे विकाऊ घरांचे फोटो काढते. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून कॅमेरा कमरेइतका खाली धरला की दहा बाय दहाची खोली ऐसपैस दिसते. दलाल खूश असतो. परवा एक जोडपं घर बघायला आलं. खोलीत शिरताच नवरा गोंधळला.

"फोटोत तर पलंग आणि कपाट दोन्ही मावतील असं वाटत होतं."

दलालाने खुणावलं, तरी ती म्हणाली, "नाही मावणार. टेप लावून मोजून घ्या."

जोडप्याने घर घेतलं नाही. दलाल मग दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसला.