आबाकाकांचा दात

ऊस कधी तोडायचा, हे आमच्या आबाकाकांनी उभ्या आयुष्यात कुणाला विचारलं नाही. कुरुंदवाडच्या मळ्यात शिरायचं, एक कांडं दातानं सोलायचं, कचकन चावायचं आणि निकाल द्यायचा, "पंधरा दिवस थांबा." शेजारचे शेतकरीसुद्धा आपापली कांडी घेऊन बांधावर येत.

मग पुढचे दात गेले. कवळी आणली, ती पहिल्याच कांड्यात रुतून उसाबरोबर बाहेर आली. तेवढ्यात त्यांच्या पोरानं, संभाजीनं, उसाची गोडी मोजायचं मीटर आणलं. काका भडकले. "त्याला जीभ हाय काय?" पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्या हंगामात तोड ठरली आणि काकांना कुणी विचारलंच नाही.

मी त्यांना कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "काका, पक्के दात रोवायला खाली हाड हवं. तुमचं झिजलंय. आधी हाड भरू, सहा महिने ते धरू दे, मग दात." काकांना लगेच पटलं. "म्हंजी वरंब्याची माती वाहून गेलीया. आधी भर, मग लावण." हाड कुणाचं, यावर मात्र अडले. "दुसऱ्याचं नको. जबडा माझा आन् बोलणार त्यो, असं नको व्हायला." शेवटी बाईंनी त्यांच्याच जबड्याच्या मागच्या टोकाचं थोडं हाड काढून पुढं बसवलं.

आठवडाभर कमी बोला, असं बाईंनी सांगितलं होतं. घातलेली भर वाहून जाईल या भीतीनं काका महिनाभर गप्प. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. काकी मला म्हणाली, "आधीच का न्हाई नेलंस रं?"

दात बसले. शेवटच्या भेटीत बाई म्हणाल्या, "आता सगळं खा. फक्त ऊस दातानं सोलायचा नाही, चावायचा नाही, कधीही." काकांचा चेहरा उतरला. बाई नको म्हणतील म्हणून त्यांनी उसाचं नावच काढलं नव्हतं. नातीच्या लग्नात फोटो चांगला यावा, असं कारण दिलं होतं. एस.टी.त कुरुंदवाडपर्यंत खिडकीबाहेरचा उभा ऊस बघत बसले. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगतो, हसूही आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मळ्यात त्यांनी एक कांडं मोडून माझ्या हातात दिलं. "चाव." मी चावलं. काका डोळे मिटून, माझ्या गालाजवळ कान नेऊन ऐकत राहिले. "कच्चा हाय. धा दिवस थांब." संभाजीनं मीटर लावून बघितलं आणि गुपचूप खिशात घातलं. तेव्हापासून मला ताकीद मिळाली, "सुपारी खायाची न्हाई. माझी शेती तुझ्या तोंडात हाय."

काकांना जाऊन वर्ष झालं. यंदा तोडीआधी संभाजी मीटर घेऊन आला होता. मी कांडं चावलं, आणि कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून आम्ही दोघंही थांबून राहिलो.