वरणात मिसळलेली पावडर

मार्चमध्ये बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते घरी आले, पण उभे राहिले नाहीत.

व्यायाम करवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, हाड जुळलंय, मांडीत ताकद नाही. प्रोटीन वाढवा, नाहीतर पलंग सुटणार नाही.

मी ओमती बाजारातल्या, ताकदीच्या पावडरी विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "दादाजी का पेट दाल कब पचाएगा, भाईसाहब? अमिनो ले जाइए, सीधा मसल में जाता है."

मला ते पटलं, मी पावडरीचा डबा घेतला. अन्नातलं प्रोटीन पोटात फुटतं आणि त्याची अमिनो आम्लं होतात, हे मी एका पुस्तकात वाचलेलं होतं. आधीच फोडलेलं दिलं तर बाबांच्या पोटाचे कष्ट वाचतील. घरी येऊन दुसरं पुस्तक काढलं. त्यात होतं, की स्नायू बांधायला बरीच अमिनो आम्लं एकत्र लागतात. डब्यावर तीनच आम्लांची नावं होती. बाकीची वरणभात आणि दुधातूनच मिळणार होती.

"डबे काहून आणून राहिला?" आई म्हणाली. "माणूस जेवते, तवा उठते."

मला ठरवता येईना. म्हणून मी दोन्ही केलं. दुपारी बाबांच्या वाटीतल्या वरणात कोणाला न सांगता चमचाभर पावडर ढवळली. ती कडू असते हे मला माहीत नव्हतं. मी चाखलीच नव्हती.

बाबांनी घास तोंडात धरून आईकडे पाहिलं. "काय व, वरणात मेथी वाटून घातली काय?"

"रोजच्यासारखंच केलं जी."

"मग हात म्हातारा झाला तुझा."

आई हसली. दुसऱ्या दिवशी मी अर्धाच चमचा घातला. चौथ्या दिवशी त्यांनी वाटी सरकवली. आई स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा वरण चाखत होती. तेव्हा मी सांगितलं.

"अच्छा, तू होय!" बाबा म्हणाले. "चल, आईची माफी माग."

पण वरणावरची त्यांची इच्छा परतली नाही. दोन घास दहीभात, बस. मे महिन्यात छातीत कफ साठला आणि ते गेले.

डॉक्टर म्हणाले, चार दिवसांच्या वरणानं काही ठरत नसतं. ते बोलत होते तोवर मला खरं वाटलं. नुसती पावडर द्यायची होती की नुसतं जेवण, की जेवण होतंच पुरेसं, मला अजून कळलेलं नाही. बाबा एकदाही आपल्या पायांवर उभे राहिले नाहीत.

घरात आता आई आणि मी आहोत.