उपळसरीची शेवटची बाटली

सिंगापुरातल्या आंग मो किओच्या आमच्या ब्लॉकमध्ये पद्माकर खानोलकरांइतका हट्टी माणूस दुसरा नाही, आणि हे मी शेजारधर्म सांभाळून सांगते आहे. वेंगुर्ल्याचा माणूस, सगळी हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडतंय ते ऐकायचं, ही त्यांची रीत. माणसांचं मात्र कधी ऐकलं नाही.

त्यांची बायको मेधा माझी मैत्रीण. टेक्का मार्केटजवळून ती उपळसरीची मुळं, दालचिनीची साल, ज्येष्ठमध आणायची, उकळायची, त्यात गूळ आणि आल्याचं विरजण घालून बाटल्या भरायची. ब्लॉकमधली पोरं, इथे दुकानात मिळणाऱ्या सरसी नावाच्या फेसाळ पेयावरून, त्याला ‘आंटीची सरसी’ म्हणत. तिचा एक नेम होता. जहाजाने कोलंबो सोडल्याचा नवऱ्याचा फोन आला, की बाटल्यांना बुचं लावायची. जहाज सिंगापूरला लागेपर्यंत आत फेस तयार.

त्या खेपेलाही तिने बुचं लावली. आणि दुसऱ्याच दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला. जहाज भर समुद्रात असताना ती गेली. हॉस्पिटलात तिच्या उशाशी मी होते.

पद्माकर आले ते रिकाम्या घरात. मी सांगायला गेले, तर त्यांनी हात वर केला. “तिचं शेवटचं काही सांगू नका, वहिनी. मी तिथे नव्हतो. मला ते ऐकायचा हक्क नाही.”

बाटल्या शेल्टरमध्ये होत्या. इथल्या फ्लॅटला पोलादी दाराची ती एक खोली असतेच. बॉम्ब कधी पडत नाहीत, म्हणून सगळे तिथे अडगळ टाकतात. एकदा डबा द्यायला गेले, तर हे तिथे जमिनीवर बसलेले, स्क्रू-ड्रायव्हर बाटलीला, मूठ कानाला.

“बोलतेय,” म्हणाले.

“फेस आहे तो! फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर फुटतील.”

“थंडीत गप्प होईल ती.”

पालथ्या घड्यावर पाणी.

पहिली बाटली फुटली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. भिंतीपलीकडे धाडकन आवाज झाला. कुणीतरी आत अडकलंय आणि पोलादी दारावर थाप मारतंय, अगदी तसा. पाठोपाठ कॉरिडॉरभर उपळसरीचा वास. क्षणभर वाटलं, मेधाने पातेलं चढवलंय. आणि मग पद्माकरांचा आवाज आला, अगदी शांत. “आलो गं, आलो.”

त्यानंतर एकेक करून बाटल्या फुटत गेल्या. काचेने त्यांचा हात कापला, तरी त्यांनी एकही हलवली नाही. खरं सांगते, मला भीती वाटायची. आणि त्याहून वाईट म्हणजे, बरेच दिवस थाप ऐकू आली नाही की मी भाकरी तव्यावर टाकून कान देऊन उभी राहायचे.

शेवटी एकच बाटली उरली. एका दुपारी ते माझ्या दारात आले, चेहरा पांढराफटक. “आवाज बंद झालाय. तुम्ही ऐका.”

मी शेल्टरमध्ये बसले, मूठ कानाला लावली. काहीच नाही. माझ्याच छातीची धडधड तेवढी.

“गूळ संपला असेल हो,” मी म्हटलं. “खायला उरलं नाही की विरजण मरतं.”

ते भिंतीला टेकून खाली बसले. मग बाटलीकडे बघतच त्यांनी विचारलं, “वहिनी, शेवटी काय म्हणाली ती?”

मी सांगितलं. “मध्ये जराशी शुद्धीवर आली होती. विचारलं, जहाज कुठवर आलं. मी म्हटलं, येतंय. मग म्हणाली, ते आले की त्याच दिवशी बाटल्या उघडायला सांग. अख्ख्या मजल्याला वाटा म्हणावं. ठेवू नका.”

पद्माकरांनी भिंतीवरच्या तपकिरी डागांकडे पाहिलं. सगळ्या डागांकडे, सावकाश. मग बाटली मांडीवर घेऊन बूच उपसलं. आतून हलकासा सुस्कारा आला. त्यांनी तो चेहऱ्यावर घेतला, डोळे मिटून.

मग एक घोट घेतला.

“आंबलंय,” म्हणाले, आणि हुंदका फुटला.

मी हात पुढे केला. अख्ख्या मजल्याला वाटा, असं ती म्हणाली होती. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली, आणि तळाचा गाळसुद्धा मला न देता सगळं एकट्याने पिऊन टाकलं.